टेस्टर पेटतो पण मिक्सर फिरत नाही, आणि सोमवारी घरात मासळीचा वास

चिरेबंदी | २४ जून, रात्री ९:१०

मंडळी, विजेतलं मला बटण दाबलं की लागतं इतकंच कळतं, तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं घर गोव्यात, प्रियोळला. जुनं, चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं. वायरिंग आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. दहाएक वर्षांपूर्वी मेन बोर्डावरचे चिनी मातीचे फ्यूज काढून एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे स्विच, बसवले, बाकी सगळं होतं तसंच. परवापासून स्वयंपाकघरातला मिक्सरचा सॉकेट बंद पडलाय. एमसीबी पडलेला नाही. स्वयंपाकघरातली ट्यूब लागते, पंखा फिरतो. सॉकेट तेवढा मेलेला.

गावातल्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर घातला, पेटला. "लायट आसा मरे, सॉकेट गेला," म्हणाला, नवा सॉकेट बसवला, मिक्सर फिरवून दाखवला, पैसे घेऊन गेला. तो वळणापर्यंत पोचला नसेल तेवढ्यात मिक्सर पुन्हा गप्प. काल रात्री आपोआप सुरू झाला, आज सकाळी पुन्हा बंद. उद्या फोंड्याला जाऊन चांगल्या कंपनीचा सॉकेट आणावा म्हणतो. कोणता घ्यावा?

अवांतर: सोमवारपासून हॉलमध्ये मासळीचा वास येतोय. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, त्यामुळे आईचा पारा चढलाय. मांजराने टीव्हीच्या कपाटामागे बांगडा नेऊन ठेवला असणार, असं तिचं ठाम मत. कपाट हलवायचं काम माझ्यावर आलंय, पण आधी मिक्सर. सध्या नारळ रगड्यावर वाटला जातो आणि रगडा ओढायची पाळी माझी आहे.

काजूबोंड | २४ जून, रात्री ९:२५

लोकल सॉकेट बसवला असणार. आतल्या पितळी पट्ट्या सैल असतात, पिन धरतच नाहीत. १६ अँपियरचा चांगला सॉकेट घे, आयएसआय मार्क बघून. प्रश्न मिटला.

सोलकढी_वाटीभर | २४ जून, रात्री ९:३१

सॉकेट बदलायच्या आधी मिक्सर उलटा करून बघ. तळाला एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं, दाबलं की मिक्सर चालू. माझ्या जावेने या बटणापायी मिक्सर दोनदा दुकानात नेला होता.

बाकी मासेमारी बंदी १ जूनला लागली ती ३१ जुलैपर्यंत. या दिवसांत तुझ्या मांजराला बांगडा मिळत असेल तर पत्ता दे, आम्हीही येतो.

चिरेबंदी | २४ जून, रात्री ९:५०

लाल बटण बघितलं, आतच आहे. मिक्सर हॉलमधल्या टीव्हीच्या सॉकेटवर लावला, व्यवस्थित फिरला. म्हणजे मिक्सर ठीक.

आणखी एक. आई म्हणते दुपारपासून फ्रीजचाही आवाज नाही. त्याचा सॉकेट त्याच भिंतीला, चार हातांवर. तिथे टेस्टर घातला तर दोन्ही भोकांत पेटतोय, उजव्या आणि डाव्या. मला वाटलं बरंच आहे, भरपूर लाईट आहे.

काजूबोंड | २४ जून, रात्री ९:५४

दोन्हीकडे पेटतोय म्हणजे डबल फेज आलाय घरात. वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार टाक.

तारवाला | २४ जून, रात्री १०:०२

डबल फेज वगैरे काही नाही. त्या लाइनचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, गेलाय. चिरेबंदी, लगेच उत्तर दे, बाकीचं मागाहून सांगतो. फ्रीजच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक, अर्थिंगचं. त्यात टेस्टर पेटतो का? आणि फ्रीजला हात लावला तर काही जाणवतं का कोणाला?

चिरेबंदी | २४ जून, रात्री १०:०९

वरच्या भोकातही पेटतो. जरा मंद वाटला, पण पेटला.

आईला विचारलं. म्हणाली, "दुपारी दाराच्या बिजागरीला बोट लागलं तर झिणझिणलं. पावसात होतंच असं." तिच्या पायात रबरी चप्पल होती.

तारवाला | २४ जून, रात्री १०:१०

मेन बंद कर. आत्ता. नुसता फ्रीजचा स्विच नको, मेन. मग फ्रीजचा प्लग काढ. घरात कोणी अनवाणी त्या फ्रीजजवळ जायचं नाही. झालं की इथे लिही.

चिरेबंदी | २४ जून, रात्री १०:१८

बंद केला. प्लग काढला. समईच्या उजेडात लिहितोय, फोन ३० टक्के आहे. काका, घाबरवलंत तुम्ही.

तारवाला | २४ जून, रात्री १०:५१

घाबरायलाच हवं होतं. आता निवांत वाच, ३० टक्क्यांत होईल. मी ३१ वर्षं वायरमनचं काम केलं, त्यातली बरीचशी डिचोली आणि सत्तरीत. हा प्रकार दर पावसाळ्यात दोन-तीन घरांत तरी भेटायचा.

टेस्टर काय सांगतो ते आधी समज. त्यात निऑनचा बारीक दिवा, मागे मोठा रेझिस्टर. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, निघालेला करंट, एक मिलिअँपियरपेक्षाही कमी, तुझ्या बोटातून अंगात आणि अंगातून जमिनीकडे जातो. तेवढ्यावर दिवा लागतो. त्याला न्यूट्रलची गरजच नाही, परतीची वाट तूच असतोस. मिक्सरचं तसं नाही. त्याला जायला एक वाट लागते आणि यायला दुसरी. तुझ्या इलेक्ट्रिशियनने जाण्याची वाट बघितली आणि सॉकेटला दोषी धरलं. सॉकेट बसवताना वायरी ओढल्या, ढकलल्या, तेवढ्यात पलीकडे कुठेतरी सैल टोक क्षणभर टेकलं असेल. म्हणून मिक्सर फिरला.

डाव्या भोकात का पेटला? फ्रीजचा स्विच चालू होता. फेज फ्रीजच्या वायंडिंगमधून पलीकडे न्यूट्रलच्या काळ्या वायरीत उतरला. पुढे वाट तुटलेली, म्हणून वाहत काहीच नाही. पण तुटलेल्या जागेपासून स्वयंपाकघरापर्यंतची सगळी काळी वायर २३० व्होल्टवर जाऊन बसली. त्या लाइनवरचं सगळं सामान प्लगमधून काढलं असतंस तर डावं भोक विझलं असतं. न्यूट्रल गेल्याचा हाच पडताळा. आत्ता करत बसू नकोस.

आणि वरचं भोक. पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटपर्यंत दोनच वायरी असायच्या, लाल आणि काळी. हिरवी नाहीच. पुढे कधीतरी फ्रीज आला, तीन पिनांचा सॉकेट बसवला, कोणीतरी विचारलं, "अर्थिंग दिलं ना?" आणि बसवणाऱ्याने न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत चार बोटं वायरीचा तुकडा जोडून दिला. टेस्ट लॅम्प लावून बघितलं तर फेज आणि अर्थच्या मध्ये दिवा छान लागतो. मालक खूश. जोवर न्यूट्रल शाबूत तोवर काही कळतही नाही. ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठेतरी तुटतो, त्या दिवशी तो तुकडा फेज उचलून फ्रीजच्या पत्र्यावर आणून ठेवतो. प्लास्टिकची मूठ, रंगवलेलं दार, रबरी चप्पल, कोरडी लादी, एवढ्यांनी मिळून आईला राखलं.

फ्रीजचा स्विच बंद करून का भागत नाही, तर न्यूट्रल सगळ्यांचा एकच. मिक्सर किंवा मागच्या पडवीतला दिवा चालू असला तरी त्यातून फेज त्याच काळ्या वायरीत येतो आणि तुकड्यावरून फ्रीजवर चढतो. स्विच फक्त लाल वायर तोडतो. तीही जोडणाऱ्याने बरोबर जोडली असेल तर.

साखळीची_सून | २४ जून, रात्री ११:०५

काका, माझ्या डोक्यात असं बसलं: नळाला पाणी आहे, पण मोरी तुंबलीय. नळ सोडला की पाणी दिसतं, म्हणून माणूस म्हणतो पाणी आहे. पण वाहत काही नाही, आणि तुंबलेलं पाणी शेजारच्या जाळीतून वर येतं. बरोबर का?

तारवाला | २४ जून, रात्री ११:११

चालेल. फक्त तुंबलेल्या मोरीने माणूस मरत नाही.

चिरेबंदी, मघाशी राहिलं. तुझा तो मासळीचा वास. कपाटामागे सॉकेट आहे ना?

चिरेबंदी | २५ जून, सकाळी ७:२०

आहे! टीव्हीचाच. ज्यावर काल मिक्सर फिरवला तोच. पण तो तर चालू आहे...

(फोन शेजाऱ्यांकडे चार्ज करून लिहितोय. दूध, ताक, आमटी सगळं त्यांच्याच फ्रीजमध्ये.)

तारवाला | २५ जून, सकाळी ७:४४

तोच तो. तापलेल्या सॉकेटच्या, स्विचच्या प्लास्टिकला मासळीसारखा वास सुटतो. मी शिकाऊ असताना आमचे मिस्त्री दारातूनच म्हणायचे, "बोर्ड जळतोय." गोव्यातली पंचाईत अशी, की घरात मासळीचा वास आला तर कोणाला संशय येणार? तुमच्याकडे सोमवार होता म्हणून निदान कळलं तरी.

सोमवारी सकाळी मिक्सरवर बराच वेळ काही वाटलं होतं का?

चिरेबंदी | २५ जून, सकाळी ८:०२

खतखतं होतं. पाहुणे होते. दोन नारळ. आणि वाटण चालू असतानाच बाजूच्या पॉइंटवर पाण्याची किटली.

तारवाला | २५ जून, सकाळी ८:३०

किटली १५०० वॉटची धर, मिक्सर ७५० चा. दोन्ही मिळून दहा अँपियरच्या आसपास. तेवढा करंट सैल स्क्रूतून गेला की तिथेच शेगडी पेटते. तांबं काळवंडतं, काळवंडलं की अडथळा वाढतो, वाढला की आणखी तापतं. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या हिशेबाने दहा अँपियर म्हणजे नेहमीचाच भार.

आता दोष कसा शोधायचा ते सांगतो. बंद पडलेल्या सॉकेटकडे टक लावून बसायचं नाही. वायर एका पॉइंटवरून दुसऱ्यावर लूप होत जाते. मेनकडून निघायचं, जिथपर्यंत चालतं तो शेवटचा पॉइंट आणि जिथून बंद तो पहिला पॉइंट, असे दोन धरायचे. दोष त्या दोघांपैकी एकात, नाहीतर मधल्या जॉइंटमध्ये. तुझ्या घरी शेवटचा चालता पॉइंट टीव्हीचा, पहिला बंद मिक्सरचा, आणि वास टीव्हीमागे. मी टीव्हीचा बोर्ड आधी उघडला असता. पण तू उघडू नकोस, परवानाधारक वायरमन आण. आणि त्याला "सॉकेट गेलाय" म्हणून सांगू नकोस, जे जे दिसलं ते सांग.

पर्वरीकर | २५ जून, सकाळी १०:१५

धागा पळवतोय, माफी असावी. आमचा फ्लॅट आहे, वायरिंग बऱ्यापैकी नवीन, हिरवी वायर सगळीकडे. गेल्या महिन्यात डीबीमध्ये (मेन बोर्डात) आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की पडणारा स्विच, बसवून घेतला. वॉशिंग मशीन सुरू झालं की तो पडतो. कधी मशीन बंद असताना गिझर लावला तरी पडतो. बसवणारा म्हणाला, "तुमच्याकडे दमट हवा, हे होणारच," आणि तो बायपास करून थेट जोडून गेला. मशीनची एमसीबी पाडून ठेवली तरी पडायचा, म्हणजे मशीनमध्ये दोष नाही असं मी धरलंय. चुकतंय का?

तारवाला | २५ जून, दुपारी १:२०

थेट जोडला म्हणजे आरसीसीबी नुसता शोभेला राहिला. बसवला त्या दिवसापासून तो खरंच बोलत होता, त्याचं तोंड बांधलं.

आरसीसीबी एकच काम करतो. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का ते बघतो. माणसासाठी बसवतात तो ३० मिलिअँपियरचा, तेवढा फरक पडायच्या आतच तो पडतो. तुझ्याकडे कुठल्यातरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेत. चिरेबंदीच्या घरचाच तुकडा, फक्त तुझ्याकडे खरं अर्थिंग आहे म्हणून थोडा करंट हिरव्या वायरीतून परततो. हिशेब जुळत नाही, आरसीसीबी पडतो. भार जितका मोठा तितका लवकर. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल कुठे मिसळलाय तेही बघायला लाव.

मशीनची एमसीबी पाडून का सापडलं नाही? एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल डीबीतल्या पट्टीवर सगळ्यांचा एकत्र असतो आणि तो तसाच टेकलेला राहतो. म्हणून गिझर लावला तरी पडतो. मेन बंद करून त्या पट्टीवरून एकेक काळी वायर सोडवायची, मीटरने ती अर्थशी जुळते का बघायचं. जी बीप देईल ती लाइन. मग त्या लाइनवरचे सॉकेट उघडायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे, दमट हवेवर ढकललं की पाच मिनिटांत संपतं.

पर्वरीकर | २५ जून, दुपारी १:४१

दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

मांडवीकाठ | २५ जून, संध्याकाळी ६:३०

मीटरवरून माझा अनुभव. डिजिटल मल्टिमीटर घेतला, हौशीने घरभर मोजत सुटलो. वापरात नसलेल्या एका सॉकेटवर फेज-अर्थ ९० व्होल्ट. म्हटलं हे काय अर्धवट? दोन दिवस इंटरनेट वाचलं. शेवटी कळलं, अर्थची वायर मागे तुटलेली होती आणि शेजारून जाणाऱ्या फेजच्या वायरीमुळे तिच्यात नुसता भास येत होता. मीटर इतका कमी करंट घेतो की त्याला भासही खरा वाटतो. साधा पिवळा ६० वॉटचा बल्ब होल्डरला लावून टेकवला तर उजेड शून्य.

एलईडी बल्ब या कामाला घेऊ नये. तो भासावरही मिणमिणतो.

तारवाला | २५ जून, रात्री ८:०५

+१. मीटर वाईट नाही, पण त्याच्या आकड्याला बल्बची साक्ष हवी. नीट सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आगेमागे, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ नेमका शून्य दिसला तर खूश व्हायच्या आधी आत तो तुकडा नाही ना ते बघ. आणि भार लावून मोजा. रिकाम्या सॉकेटवर २३० दाखवून इस्त्री लावल्यावर १७० वर येणारे सॉकेट मी पुष्कळ बघितलेत. तिथे जॉइंट सैल असतो.

बल्ब फेज-अर्थमध्ये लावला आणि आरसीसीबी पडला तर घाबरू नका, अर्थिंग आहे असा त्याचा अर्थ. पण हे उद्योग ज्याने त्याने आपली पायरी ओळखून करावेत.

सोलकढी_वाटीभर | २५ जून, रात्री ९:१५

आमच्याकडचा दोष ऐका. पडवीतला सॉकेट, पिन आत जाईना. टॉर्च मारून बघितलं तर तिन्ही भोकं मातीने लिंपलेली! कुंभारमाशीने घर बांधलं होतं, वर गुळगुळीत झाकण घालून. नवरा ओल्या मातीत स्क्रूड्रायव्हर घालणार होता, नशीब स्विच बंद करायची अक्कल सुचली.

तारवाला | २५ जून, रात्री ९:३८

स्विच बंद करून पुरत नाही ताई, मेन पाडा. काही ठिकाणी स्विच न्यूट्रलवर जोडलेला असतो, मग बंद सॉकेटमध्येही फेज हजर. मातीचं म्हणाल तर झडपेचा सॉकेट बसवा, पिन नसताना भोकं आतून मिटलेली राहतात. पाली आणि मुंग्यांवरही तोच उपाय.

चिरेबंदी | २८ जून, दुपारी ४:३०

सापडलं!!

नात्यातल्या एकाने म्हार्दोळचा एक वायरमन दिला, परवानाधारक, माणूस मोजकंच बोलणारा. काकांचे प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. "बरोबर सांगलां," एवढंच म्हणाला. आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो ना ते बघितलं, मग मेन पाडला, पुन्हा त्याच सॉकेटमध्ये घालून विझला ते बघितलं. मी विचारलं दोनदा कशाला. म्हणे, टेस्टरच मेलेला असेल तर?

टीव्हीचं कपाट आम्ही दोघांनी ओढलं. मागची भिंत ओली, चुन्याचे पोपडे धरलेले, मागच्या पावसात कौल सरकलं होतं तिथलीच ओल. सॉकेटची प्लेट पांढरी, पण डाव्या भोकाभोवती तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा तपकिरी डाग. प्लेट काढली. न्यूट्रलच्या एकाच स्क्रूखाली दोन काळ्या वायरी कोंबलेल्या. एक मेनकडून येणारी, जाड, घट्ट बसलेली. दुसरी स्वयंपाकघराकडे जाणारी, बारीक तारांची. हिचं वेष्टण इंचभर मागे सरकून भाजलेल्या सुंगटाच्या (कोळंबीच्या) सालासारखं कडक झालेलं, आतलं तांबं काही ठिकाणी काळं, काही ठिकाणी हिरवं. वायरमनने नुसतं बोट लावलं आणि ती सुटून बाहेर आली. स्क्रूने तिला धरलंच नव्हतं. इतकी वर्षं ती जाड वायरीच्या आडोशाला टेकून उभी होती.

जळका सॉकेट आईच्या नाकाशी धरला. तिने मान वळवली आणि म्हणाली, "हाच." मांजर निर्दोष सुटलं.

मग फ्रीजचा बोर्ड. काका, चार बोटं म्हणालात ना, तेवढाच. लाल वायरीचा तुकडा, न्यूट्रलवरून अर्थिंगला. मिक्सरच्या सॉकेटमध्येही तसाच दुसरा. तो परवा नवा सॉकेट बसवणाऱ्यानेही पाहिला असणार, कारण त्याने तो जुन्यातून काढून नव्यात जसाच्या तसा लावलाय.

काजूबोंड | २८ जून, संध्याकाळी ५:१०

माझे वरचे दोन्ही प्रतिसाद प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) समजावेत. आमच्या घरचा फ्रीजचा बोर्डही आता उघडून घेतो. घर १९८५ चं आहे, पट्टीचंच वायरिंग.

तारवाला | २८ जून, संध्याकाळी ७:००

जसाच्या तसा लावला, यावर बोलावं तितकं थोडं. बोलत नाही.

चिरेबंदी, जळकी वायर कापून नव्या स्क्रूत बसवली की आज मिक्सर फिरेल, पण तेवढ्यावर थांबू नकोस. स्वयंपाकघराची लाइन मेनपासून नवी ओढून घे, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, लाल-काळी-हिरवी तिन्ही. सगळे तुकडे काढ. मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. खरं अर्थिंग कुठे आहे घराला?

चिरेबंदी | २८ जून, संध्याकाळी ७:२५

न्हाणीमागे एक पाइप पुरलेला आहे, मीटरपर्यंत पट्टी येते. वायरमनने मोजलं, ४ ओहम आलं. चांगलं आहे म्हणाला.

तारवाला | २८ जून, रात्री ८:१०

जूनअखेरीला मोजलेलं अर्थिंग खुशामत करतं. जमीन पाणी पिऊन बसलीय, आकडा चांगला येणारच. आपली जांभ्याची जमीन, पाणी धरत नाही. तोच पाइप मे महिन्यात मोज, कितीतरी पट जास्त दाखवेल. मीठ-कोळसा नव्याने घालून घे आणि उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी तिकडे वळव.

आता हिशेब बघ. अर्थिंग ५ ओहमचं असेल आणि फेज फ्रीजच्या पत्र्याला टेकला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपियर. १६ ची एमसीबी पडेल, पण काही सेकंद घेऊन. उन्हाळ्यात तेच ५० ओहम झालं तर साडेचार अँपियर. एमसीबी हलणारसुद्धा नाही आणि पत्रा तसाच जिवंत. आरसीसीबीला मात्र तेवढं ढिगाने झालं, तो लगेच पडेल. म्हणून जांभ्यावरच्या घराला नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून बघ.

साखळीची_सून | २८ जून, रात्री ८:४०

आमच्याकडे चवथीला माटोळीभोवती (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीभोवती) तोरणं, बाहेर मंडपात दिवे, सगळं एका एक्स्टेन्शनवर असतं आणि ते दोन पिनांचं. त्याला अर्थिंग नाहीच की.

तारवाला | २८ जून, रात्री ८:५२

प्लास्टिकच्या एलईडी तोरणांना दोन पिना चालतात, पत्र्याच्या फोकसला नाही. मंडपाचं एक्स्टेन्शन तीन पिनांचं घ्या, जॉइंट जमिनीवर ठेवू नका, आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

पर्वरीकर | ३ जुलै, रात्री ९:३०

बाल्कनीतला सॉकेट निघाला. बसवताना प्लेटच्या स्क्रूने काळ्या वायरीचं वेष्टण कापलं होतं आणि आतलं तांबं अर्थच्या टोकाला टेकत होतं. वॉशिंग मशीनचा दोष नव्हता, तिच्या शेजाऱ्याचा होता. आरसीसीबी परत जोडला, पाच दिवसांत एकदाही पडला नाही. बटण दाबल्यावर पडतो.

चिरेबंदी | ६ जुलै, संध्याकाळी ७:०५

स्वयंपाकघराची नवी लाइन झाली, आरसीसीबी बसला. घरातले एकूण नऊ बोर्ड. आठ उघडून झाले, तुकडे निघाले चार. त्यातला एक न्हाणीतला, गिझरचा.

नववा देवघरातला. तो उद्या सकाळी. आता आईची सांजवात आणि आरती चालू आहे, ती काही मेन पाडू देत नाही.